तळहातावरचे रसायन : निपाणीची तंबाखू आणि चुना

तंबाखू मळणाऱ्या माणसाला 'चुना कशासाठी?' असे विचारले, तर 'त्याशिवाय ती लागत नाही' एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे असले तरी चुकीचे नाही. त्याच्या मागे रसायनशास्त्रातील एक मूलभूत भेद दडलेला असून तो पुरता उलगडण्यास युरोप-अमेरिकेतील विद्वानांना जवळजवळ शतक लागले. ज्या पिकावर निपाणी परिसरातील असंख्य घरांचा संसार चालत आला, त्याची ही कथा शताब्दी ग्रंथात नोंदवून ठेवणे उचित होईल.

तंबाखू मूळची अमेरिकेतील. पोर्तुगीजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून दख्खनेत आली. अकबराचा दूत असद बेग याला ती विजापुरात आढळली आणि 1604-05 च्या सुमारास त्याने ती बादशहापुढे सादर केली. पुढे निपाणीच्या आसमंतात विडीच्या तंबाखूचे पीक स्थिरावले, वखारी उभ्या राहिल्या आणि गावाचे नाव व्यापारात दूरवर गेले.

आता त्या भेदाकडे वळू. मीठ व साखर दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात विरघळणारी. पण त्यांची घडण निराळी. मिठात स्वतंत्र रेणू नसतात. सोडियमचे धनभारित व क्लोरीनचे ऋणभारित आयन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. म्हणून मीठ वितळण्यास सुमारे 801 अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि त्याच्या द्रावणातून वीज वाहते. साखरेत अणू इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने जोडलेले, रेणू सुटे व निर्भार. तिच्या द्रावणात दिवा लागत नाही. पहिले आयनी संयुग, दुसरे रेणवीय.

शाळेत एक ठोकताळा शिकवितात : धातू व अधातू एकत्र आले की संयुग आयनी, केवळ अधातूंचे असले की रेणवीय. तो बहुधा उपयोगी पडतो. परंतु कल्हईवाल्याचा नवसागर त्याला चकवतो. नवसागरात धातूचा अंशही नाही, तरी तो आयनी आहे, कारण त्यातील अमोनियाच्या रेणूने एक प्रोटॉन घेऊन धनभार धारण केलेला असतो. नवसागरात ओला चुना चोळला की चुना तो प्रोटॉन काढून घेतो आणि मोकळा झालेला अमोनिया नाकाला झोंबतो.

तळहातावर नेमके हेच घडते. तंबाखूच्या पानात निकोटीन बहुतांशी मोकळे नसते; सायट्रिक, मॅलिक अशा सेंद्रिय आम्लांशी जोडलेल्या लवणांच्या रूपात, म्हणजे आयनी अवस्थेत असते. तोंडातील पेशींची आवरणे स्निग्ध असल्यामुळे भारित आयनाला ती सहजी वाट देत नाहीत. चुना लागला की निकोटीनचा निर्भार रेणू मोकळा होतो, आवरण ओलांडतो आणि रक्तात उतरतो. 'लागणे' म्हणतात ते हेच.

हे निकोटीन 1828 मध्ये हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमान यांनी प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले. 1850 मध्ये बेल्जियममधील बोकार्मे नावाच्या सरदाराने तंबाखूतून निकोटीन काढून आपल्या मेहुण्यावर विषप्रयोग केला. मृतदेहातून ते विष शोधून काढण्याचे काम झां स्तास या रसायनज्ञाकडे आले. त्याने आम्ल वापरून निकोटीन लवणरूपाने पाण्यात ठेवले, मग अल्कली घालून ते मोकळे केले आणि ईथरमध्ये उतरवून घेतले. बोकार्मेला 1851 मध्ये देहदंड झाला. निपाणीचा शेतकरी चिमूटभर चुन्याने जे साधतो, तेच स्तासने काचपात्रात साधले. मात्र आयनांची कल्पना तेव्हा स्पष्ट नव्हती. द्रावणात आयन सुटे होतात हे आऱ्हेनियसने 1880 नंतरच्या दशकात मांडले, आणि आयनी व भागीदारीच्या बंधांचे स्वरूप कोसेल व लुईस यांनी 1916 मध्ये समजावून दिले.

या ज्ञानाला दुसरी बाजूही आहे. मोकळा रेणू जितक्या सहजतेने रक्तात शिरतो, तितकी सवय घट्ट होते. चुन्याने तोंडाची त्वचा सोलवटते, आणि तंबाखूतील नायट्रोसॅमिने कर्करोगाला कारण ठरतात. विडी वळणाऱ्या स्त्रिया व वखारीतील कामगार यांच्या श्वासात हीच धूळ जाते. दुसरीकडे, याच पिकाच्या रास्त भावासाठी 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या हमरस्त्यावर हजारो शेतकरी बसले आणि गोळीबारात काहींनी प्राण गमावले. या पानाने घर चालविले आणि याच पानाने घरातील माणूसही नेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

चुना का लावतात हे आपल्या पूर्वजांना हाताने ठाऊक होते. त्याचे कारण ठाऊक नव्हते. आज ते कारण मराठीत सांगता येते. तंबाखू पिकविणाऱ्या, मळणाऱ्या आणि वळणाऱ्या घरांपर्यंत ते पोहोचविणे हे सीमाभागातील वाचनालयांचे कर्तव्य आहे. पुढे काय करावयाचे, हे मग ज्याने त्याने जाणतेपणाने ठरवावे.