लष्करी वाहनांचे जतन आणि जीपचा मुलकी इतिहास : एक विचार

प्रास्ताविक :

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना 'घरातील जुनी वस्तू आणा' असे सांगितले की नाणी येतात, मोडी कागद येतात, एखादी तलवार किंवा अडकित्ता येतो. गोठ्याच्या मागे चार विटांवर उभी असलेली, चाके काढून नेलेली जीप मात्र कोणी इतिहासाच्या तासाला सांगत नाही. ती 'भंगार' या सदरात जमा असते. प्रस्तुत लेखकाने ढाणकी व परिसरातील विद्यार्थ्यांना काही वर्षांपूर्वी हा प्रश्न मुद्दाम विचारला, तेव्हा वर्गात प्रथम हशा पिकला. नंतर मात्र 'आजोबा म्हणायचे की ती मिलिटरीची होती' अशी वाक्ये एकामागून एक येऊ लागली. या वाक्यात किती तथ्य आहे आणि ते तपासायचे कसे, या प्रश्नातून हा लेख सिद्ध झाला आहे.

जुनी लष्करी वाहने शोधणे, त्यांची दुरुस्ती करून ती मूळ रूपात आणणे आणि लोकांसमोर मांडणे हा पाश्चात्त्य देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजलेला छंद आहे. अमेरिकेत अशा संग्राहकांची संघटना १९७६ साली स्थापन झाली. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टन येथील रणगाडा संग्रहालयाने १९४३ साली ट्युनिशियात हस्तगत केलेला जर्मन 'टायगर १३१' हा रणगाडा पुन्हा चालता केला आहे. तो धावताना पाहण्यास देशोदेशीचे लोक जमतात. आपल्याकडे हा छंद जुन्या मोटारींच्या छंदाच्या सावलीत वाढला. मुंबई, पुणे, नागपूर येथील जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत चकचकीत राजेशाही गाड्यांच्या रांगेत एखादी हिरवट रंगाची, बॉनेटवर पांढरा तारा रंगविलेली जीप दिसते आणि पुष्कळदा गर्दी तिच्याभोवतीच अधिक असते.

संस्थात्मक संग्रह : अहमदनगर

महाराष्ट्रात या विषयाचे प्रमुख केंद्र म्हणजे अहमदनगर (आता अहिल्यानगर) होय. तेथील चिलखती दलाच्या केंद्र व प्रशालेने उभारलेल्या रणगाडा संग्रहालयाचे उद्घाटन फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते झाले. सुमारे ५० वाहनांच्या या संग्रहात रोल्स रॉइस चिलखती गाडी, ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलेंटाइन व चर्चिल, जपानी रणगाडे, पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन, आणि आवडी येथे तयार झालेला विजयंता असा मोठा पट एका आवारात पाहावयास मिळतो. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यात धारातीर्थी पडले, तो रणगाडाही अहमदनगर येथेच जतन केलेला आहे.

या संग्रहाचे मोल निर्विवाद आहे. तथापि येथील मांडणी स्वाभाविकपणे रेजिमेंटच्या दृष्टीने, म्हणजे शौर्य आणि विजय यांच्या क्रमाने केलेली आहे. वाहन स्वतः काय सांगते, हा प्रश्न तेथे दुय्यम ठरतो. एक उदाहरण पुरेसे होईल. कारवारजवळील चेंडिया येथे १९१८ साली जन्मलेले सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना ८ ते ११ एप्रिल १९४८ या काळात नौशेरा-राजौरी मार्ग मोकळा करण्याच्या कामगिरीबद्दल परमवीरचक्र मिळाले. राणे हे बॉम्बे सॅपर्सचे. सुरुंग पेरलेल्या रस्त्यावरून स्टुअर्ट रणगाडा पुढे नेताना ते त्याच्या खाली राहून सरपटत गेले आणि दोऱ्यांच्या खुणांनी चालकास 'थांब', 'चल' असे सुचवीत राहिले. हा प्रसंग वाचून अंगावर काटा येतो. पण स्टुअर्टच्या पोटाखाली माणसाला किती जागा मिळते, हे प्रत्यक्ष त्या रणगाड्याशेजारी वाकून पाहिल्याखेरीज कळत नाही. वस्तू हे इतिहासाचे साधन असते ते या अर्थाने.

पैनगंगेच्या काठावरील वाचकास आणखी एक संदर्भ जवळचा वाटेल. उमरखेड तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहणारी पैनगंगा ही १९४८ पर्यंत वऱ्हाड आणि निजामी मुलूख यांमधील सीमा होती. (वऱ्हाडही नावापुरता निजामाचाच होता, हा इतिहासातील एक विनोद.) १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली चिलखती दल सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबादच्या दिशेने निघाले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. या मोहिमेतील शर्मन व स्टुअर्ट रणगाडे महायुद्धातून उरलेलेच होते. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या लेखनात रझाकार, सत्याग्रही, सीमेवरील कॅम्प यांविषयी विपुल आले आहे. या वाहनांविषयी जवळजवळ काहीच नाही.

जीप : युद्धातून गावात

रणगाडा संग्रहालयात थांबला. गावात आली ती जीप. म्हणून या छंदाचा आपल्या भागाशी संबंध जोडावयाचा तर जीपच्या द्वारेच जोडता येतो.

१९४० साली अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी वाहनासाठी निविदा मागविल्या. बॅंटम नावाच्या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून दिला; परंतु मोठ्या प्रमाणावर उत्पादनाचे काम विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेले. १९४५ पर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बांधल्या. २.२ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, साठ अश्वशक्ती, सहा व्होल्टची वीजव्यवस्था, चारही चाकांना गती देण्याची सोय आणि डावीकडील चालकासन अशी तिची रचना होती. दोन कंपन्यांच्या गाड्या वरून एकसारख्या दिसत असल्या तरी जाणकारास त्या ओळखता येतात. फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उमटविले होते. विलीजच्या सांगाड्याचा रेडिएटरखालील आडवा दांडा नळीसारखा गोल असतो. फोर्डचा चौकोनी पन्हळीसारखा असतो.

ब्रह्मदेश आघाडीमुळे यातील पुष्कळ गाड्या हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध संपताच 'डिस्पोजल'मध्ये विक्रीस निघाल्या. त्याच सुमारास, १९४७ साली, महिंद्र कंपनीने सुट्या भागांच्या रूपात आणलेल्या पहिल्या ७५ जीप जोडून बाजारात आणल्या. पन्नासच्या दशकात येथेच टप्प्याटप्प्याने उत्पादन सुरू झाले आणि उंच बॉनेटची 'सीजे ३ बी' ही जीप भारतीय रस्त्यांची ओळख बनली. येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. स्वतंत्र भारतात गाजलेल्या आरंभीच्या घोटाळ्यांपैकी एक जीपचाच होता. १९४८ मध्ये कृष्ण मेनन लंडनला उच्चायुक्त असताना जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप लष्करासाठी घेण्याचा करार झाला. आलेल्या गाड्या लष्कराने नापसंत केल्या आणि १९५५ मध्ये सरकारने हे प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. 'जुनी जीप नवी करणे' या उद्योगाकडे संशयाने पाहण्याची परंपरा आपल्याकडे अशी जुनी आहे.

'आजोबांची मिलिटरीची जीप' या विधानाची तपासणी आता सोपी होते. बॉनेट उंच असेल तर ती महायुद्धातील नव्हे. विद्यार्थ्यांनी आणलेल्या छायाचित्रांपैकी बहुतेक याच कसोटीवर बाद झाली. काही जणांचे चेहरे उतरले, हे कबूल केले पाहिजे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ती निराशा नव्हती. 'मिलिटरीची' म्हणून सांगितली जाणारी ही जीप कधी पंचायत समितीची होती, कधी वन खात्याची. कधी निवडणुकीत कर्णा बांधून फिरलेली, कधी उमरखेड-पुसद रस्त्यावर काळी-पिवळी म्हणून दुप्पट माणसे वाहिलेली. तिच्यात पुढे डिझेल इंजिन बसले, मागचा भाग कापून लांब केला गेला, पत्रा डेंटरने हाताने ठोकून बदलला. तिचे खरे आयुष्य हेच आहे.

'मूळ रूप' कोणते?

या छंदातील सर्वांत मोठा वाद येथेच उद्भवतो. संग्राहकाच्या दृष्टीने आदर्श जीप ती, जी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी दिसते. त्यासाठी डिझेल इंजिन काढून पेट्रोलचे शोधले जाते, सहा व्होल्टची व्यवस्था परत आणली जाते, दोन तुकड्यांची बोल्ट लावलेली लष्करी चाके मिळविली जातात, पत्र्यावरील रंगाचे थर खरवडून ऑलिव्ह रंग दिला जातो. या कामातील चिकाटी आणि ज्ञान यांविषयी आदरच बाळगला पाहिजे. एखादा मिस्त्री केवळ नटाचे डोके पाहून गाडीचे वय सांगतो, तेव्हा आमच्या अभिलेखागारातील कौशल्याहून ते कमी आहे असे म्हणता येत नाही.

पण खरवडून काढलेले ते थर म्हणजे काय? त्यांत जिल्हा परिषदेचा पांढरा रंग असतो, काळी-पिवळीचा पिवळा असतो, एखाद्या पक्षाचे चिन्हही असते. ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ साली स्मारकांविषयी लिहिताना वस्तूचे ऐतिहासिक मूल्य आणि तिच्या वार्धक्याचे मूल्य असा भेद केला होता. पहिले मूल्य मूळ अवस्था मागते, दुसरे काळाच्या खुणा मागते, आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण होत नाहीत. १९४४ ची जीप परत मिळविताना १९६० ते १९९० ची जीप पुसली जाते. युद्धाचा इतिहास जगभर शेकडो ग्रंथांत लिहिला गेला आहे. काळी-पिवळीचा इतिहास कोणी लिहिला? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, नॉर्मंडी किंवा इंफाळ येथील खात्रीलायक पूर्वेतिहास असलेली जीप अवश्य मूळ रूपात आणावी. वऱ्हाडातील जीपवर मात्र तिने न पाहिलेल्या रणांगणाचा तारा रंगवू नये. ते जतन नव्हे, सोंग होय.

कायदा आणि भंगार

हा प्रश्न केवळ रुचीचा राहिलेला नाही. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत मोडतात. सांगाडा, बाह्य शरीर वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षे वैध राहते. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, मेळावे, इंधन व देखभाल यांसाठीच अशी गाडी रस्त्यावर आणता येते.

नियम हेतूने चांगले आहेत. पण लष्करी वाहनास ते नीट लागू पडत नाहीत. लष्करात असताना गाडीस बाणाची खूण असलेला वेगळा क्रमांक असतो आणि लिलावानंतर मुलकी नोंदणी होते. मग ५० वर्षे कोठून मोजावयाची? जबलपूरला १९६९ ते १९९९ या काळात तयार झालेल्या 'जोंगा'ची मुलकी नोंद पुष्कळदा फार उशिराची असते. १९५९ पासून बाहेर पडू लागलेला 'शक्तिमान' ट्रक 'खासगी वापराची चारचाकी' या व्याख्येत बसविणे कठीणच. आणि डिझेल इंजिन बसविलेली विदर्भातील सर्वसामान्य जीप तर फेरबदलाच्या अटीमुळे दारातच अडते.

दुसरीकडे, १५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आली असून त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत मोडतोड केंद्रांतून लावावयाची आहे. देशसंरक्षणाच्या विशेष वाहनांना यातून सूट आहे. पंचायत समितीच्या जीपला नाही. प्रदूषण आणि सुरक्षितता पाहता हे धोरण चुकीचे म्हणता येणार नाही. पूर्वी कचेरीच्या आवारात बाभळीखाली वर्षानुवर्षे गंजत उभ्या राहणाऱ्या गाड्या लिलावात एखाद्या हौशी माणसाच्या हाती तरी जात. ती वाट आता बंद होत आहे.

महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला जीप विकत घेणे शक्य नाही आणि ठेवण्यास जागाही नाही. नोंद करणे मात्र शक्य आहे. आमच्या विभागाने त्यासाठी एक साधे पत्रक तयार केले आहे : सांगाड्यावरील क्रमांक, नोंदणीपुस्तकातील मालकांचा क्रम, बॉनेटची उंची, इंजिन केव्हा व कोणी बदलले, रंगाच्या थरांचे खरवडण्यापूर्वीचे छायाचित्र, आणि चालकाची मुलाखत. शेवटची बाब सर्वांत निकडीची आहे. गाडीचा सांगाडा आणखी वीस वर्षे टिकेल. साठच्या दशकात ती चालविणारे आज ऐंशीच्या पुढे आहेत. पहिली मुलाखत घेण्यास गेलेल्या विद्यार्थ्याला त्या गृहस्थांनी प्रथम विचारले, 'गाडी विकत घेणार आहेस काय?' नाही म्हटल्यावर ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग पहिल्या गिअरपासून सांगू लागले.