आधी जागा, मग स्पीकर

घरात सराउंड स्पीकर कुठे लावावेत, असे विचारणाऱ्यांना मी आधी आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा इतिहास सांगतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी अलिबाग निवडले. लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. तरी १९०६ पर्यंत कुलाब्यातही मोजणी चालू ठेवली. दोन्ही जागांमधला फरक असा कळल्यामुळेच १८४६ पासूनची मालिका पुढे जोडता आली.

स्पीकरच्या पोटातही चुंबकच असते. चित्रनळीच्या टीव्हीलगत साधा स्पीकर ठेवला, की पडद्यावर रंगांचे डाग पडत; म्हणून मधला स्पीकर चुंबकाला आवरण असलेला घ्यावा लागे. सपाट पडद्यांनी ती अडचण संपवली. जागेचा प्रश्न मात्र उरला. बसणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून पुढचे दोन स्पीकर दोन्ही बाजूंना ३० अंशांवर हवेत, बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे किंचित मागे. पण जांभ्याच्या भिंतीला भोके पाडण्यापूर्वी ते स्टुलांवर ठेवून, जागा बदलून आठवडाभर ऐकावेत. मूस यांनी तर तुलनेला दोन वर्षे दिली होती.