धावेचा सांधा

परवा नातू अंगणात कूलरचा स्टँड जोडत होता. अकोल्याच्या आयटीआयत वेल्डरला आहे, एक वर्षाचा कोर्स. रॉड सारखा चिकटत होता. मी म्हटलं, "उचल की जरा!" तर म्हणतो, "आबा, लय उचलला का आर्क तुटते. रॉडच्या जाडीएवढंच अंतर पाह्यजे." चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके, मग गुण्या लावून काटकोन बघायचा, मग पक्का सांधा. एकदम ओढत गेलं तर अँगल तापून वाकतो म्हणे.

मला आमच्या अमरावतीकडचा लोहार आठवला. गाडीच्या चाकाची धाव सांधताना पट्टीची टोकं पांढरी होईस्तोवर तापवायचा, वाळू टाकायचा आणि ऐरणीवर घण. वाळूने लोखंडावरचा मळ वितळून बाहेर पडतो. रॉडवरचं आवरणही मळ काढतं, शिवाय हवा लागू देत नाही. विजेच्या आर्कने सांधण्याची युक्ती निकोलाय बेनार्डोस यांनी 1881 मध्ये शोधली. आपल्याकडे 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि लोहाराच्या पोराला बापाकडून मिळे ती विद्या आठवी पास कुणालाही शिकता येऊ लागली.

आणि आम्ही मास्तर? गणितात कच्चा पोरगा दिसला की "तू आयटीआयलाच जा" म्हणून वर्गासमोर हिणवायचो. मीही हिणवलंय. (गुण्या म्हणजे गणित नाही तर काय!) नातवाला हे अजून सांगितलेलं नाही.

स्टँड एका पायाने लंगडा झालाय. खाली विटेचा तुकडा सारलाय.