शेरीफ ब्यूफर्ड पसर : दंतकथा आणि तपास

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मॅकनेरी काउंटीचे शेरीफ ब्यूफर्ड पसर (१९३७-१९७४) यांचे नाव ग्रामीण अमेरिकेत अर्धशतकाहून अधिक काळ निर्भय पोलीस अधिकाऱ्याचा समानार्थी शब्द म्हणून घेतले गेले. गुंडांच्या टोळ्यांशी एकट्याने झुंज देणारा आणि त्या झुंजीत पत्नी गमावलेला शेरीफ ही त्यांची प्रतिमा चित्रपटांनी जगभर पोहोचविली. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र राज्याच्याच तपास यंत्रणेने या प्रतिमेच्या मुळाशी असलेली घटना संशयास्पद ठरविली.

मुंबईकरांना ‘शेरीफ’ हा शब्द नगरपालाच्या मानाच्या पदामुळे परिचित आहे. अमेरिकेतील काउंटीचा शेरीफ ही निराळीच असामी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण बहुधा त्याहून बराच लहान. तिथला शेरीफ सरकार नेमत नाही, लोक मतदानाने निवडतात. गस्त, अटक, तुरुंगाची व्यवस्था, न्यायालयाच्या हुकुमांची बजावणी ही सारी त्याची कामे. तुरळक वस्तीच्या काउंटीत हाताखाली मोजकेच डेप्युटी असत, त्यामुळे कायदा म्हणजे व्यवहारात शेरीफच, अशी स्थिती असे.

पसर यांचा जन्म १२ डिसेंबर १९३७ रोजी मॅकनेरी काउंटीतच झाला. साडेसहा फूट उंचीचा हा तरुण शाळेत फुटबॉल व बास्केटबॉल गाजवून मरीन दलात भरती झाला, पण दम्यामुळे लवकरच घरी परतला. पुढे शिकागोत त्याने कुस्तीचे फड गाजविले. तिथेच १९५९ मध्ये पॉलिन मलिन्स यांच्याशी विवाह झाला. पॉलिन यांना आधीच्या विवाहापासूनची दोन मुले होती. १९६२ मध्ये हे कुटुंब टेनेसीत परतले आणि पसर अ‍ॅडम्सव्हिल गावाचे पोलीस प्रमुख झाले. १९६४ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी ते शेरीफ म्हणून निवडून आले. मावळत्या शेरीफचा मतदानापूर्वीच मोटार अपघातात मृत्यू झाला होता.

टेनेसी आणि मिसिसिपी या राज्यांच्या सीमेवर, ४५ क्रमांकाच्या महामार्गालगत, त्या काळी चोरट्या दारूचे, जुगाराचे आणि वेश्याव्यवसायाचे अड्डे फोफावले होते. एका राज्याचे पोलीस आले की दुसऱ्या राज्यात पाऊल टाकायचे, एवढे साधे गणित. ‘स्टेट लाइन मॉब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीविरुद्ध पसर यांनी मोहीम उघडली आणि हातभट्ट्यांवर छापे घातले. १ फेब्रुवारी १९६६ रोजी ‘शॅमरॉक मोटेल’ची चालक लुईझ हॅथकॉक त्यांच्या गोळीने मारली गेली. तिने आधी गोळी झाडली, असे पसर यांचे म्हणणे होते आणि ही कृती स्वसंरक्षणार्थ मानण्यात आली.

१२ ऑगस्ट १९६७ च्या पहाटे जे घडले, त्यावर पुढची सारी कीर्ती उभी राहिली. पसर यांच्या सांगण्यानुसार, भांडणाची तक्रार आल्याने ते न्यू होप रस्त्याने निघाले होते आणि पॉलिन सोबत होत्या. वाटेत दुसऱ्या मोटारीतून गोळीबार झाला. ३३ वर्षांच्या पॉलिन मृत्युमुखी पडल्या आणि पसर यांचा जबडा गोळीने फुटला. त्यांच्या चेहऱ्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. कर्क्सी निक्स आणि ‘टोहेड’ व्हाइट या गुंडांवर त्यांनी संशय घेतला. व्हाइट १९६९ मध्ये मारला गेला. निक्सला पुढे लुइझियानातील एका वेगळ्याच खुनाबद्दल जन्मठेप झाली. पॉलिन यांच्या हत्येचा आरोप कोणावरही ठेवला गेला नाही.

एकच साक्षीदार, तोच जखमी आणि तोच काउंटीतील सर्वोच्च पोलीस अधिकारी, अशा या प्रकरणात पॉलिन यांचे शवविच्छेदनही त्या वेळी झाले नाही. शोकाकुल शेरीफला कोण उलटतपासणीत धरणार?

तत्कालीन नियमांमुळे १९७० नंतर पसर यांना लगेच शेरीफपद लढविता आले नाही आणि १९७२ ची निवडणूक ते हरले. पाठोपाठ १९७३ मध्ये ‘वॉकिंग टॉल’ हा चित्रपट झळकला. जो डॉन बेकर यांनी रंगविलेला, हाती सोटा घेतलेला शेरीफ प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. पुढील भागात स्वतःची भूमिका स्वतःच करणार असल्याचे पसर यांनी २१ ऑगस्ट १९७४ रोजी जाहीर केले आणि त्याच रात्री मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. चित्रपटाचे आणखी दोन भाग निघाले. २००४ मध्ये ड्वेन जॉन्सन यांना घेऊन, नावगाव बदलून, नवी आवृत्तीही आली. अ‍ॅडम्सव्हिलमधील पसर यांच्या घराचे संग्रहालय झाले.

टेनेसी ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनने २०२२ मध्ये हे जुने प्रकरण पुन्हा हाती घेतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॉलिन यांचे अवशेष उकरून प्रथमच शवविच्छेदन करण्यात आले. २९ ऑगस्ट २०२५ रोजी निष्कर्ष जाहीर झाले. मोटारीच्या बॉनेटवर बाहेरच्या बाजूने उडालेले रक्त पसर यांच्या कथनाशी जुळत नव्हते. पॉलिन यांना गाडीबाहेर गोळ्या घालून नंतर आत ठेवले असावे, असे तज्ज्ञांचे मत पडले. पसर यांच्या गालावरील जखम अगदी जवळून झाडलेल्या गोळीची, बहुधा स्वतःच करून घेतलेली असावी, असेही सांगण्यात आले. पॉलिन यांच्या नाकाचे हाड मृत्यूपूर्वी कधीतरी मोडून भरून आल्याचे आढळले. हे घरातील मारहाणीचे चिन्ह असू शकते. बहिणीचा संसार सुखाचा नव्हता आणि या निष्कर्षाने आपल्याला फारसा धक्का बसला नाही, असे पॉलिन यांच्या भावाने सांगितले.

पसर हयात असते तर ग्रँड ज्युरीपुढे खुनाचा आरोप मांडण्याइतका पुरावा आहे, असे सरकारी वकिलांनी स्पष्ट केले. अर्थात हा न्यायालयाचा निवाडा नव्हे. मृताची बाजू मांडली जाणार नाही आणि खटलाही उभा राहणार नाही. १९६७ च्या तपासाने पसर यांच्या जबानीवर सहज भिस्त ठेवली, हे मात्र या फेरतपासातून उघड झाले. हजाराहून अधिक पानांची ही कागदपत्रे लोकांना पाहता यावीत, म्हणून मार्टिन येथील टेनेसी विद्यापीठाकडे सोपविण्याचे ठरविण्यात आले.