नेटवर्क फोल्डरसाठी सिम्बॉलिक लिंक की माउंट पॉइंट?

सर्व्हरवरचे फोल्डर लिनक्स संगणकावर स्थानिक फोल्डरसारखे वापरायचे असेल, तर माउंट पॉइंट आणि सिम्बॉलिक लिंक हे दोन पर्याय समोर येतात. दोन्हींचे काम मात्र वेगळे आहे.

माउंट पॉइंट म्हणजे काय?
हे संगणकावरचे एक साधे, शक्यतो रिकामे फोल्डर असते. एनएफएस किंवा एसएमबी प्रोटोकॉलने सर्व्हरचे फोल्डर त्याला जोडले की तिथे सर्व्हरवरच्या फाइल्स दिसू लागतात.

सिम्बॉलिक लिंक म्हणजे काय?
ही केवळ दिशादर्शक पाटी आहे. तिच्यात दुसऱ्या जागेचा पत्ता लिहिलेला असतो. लिनक्समध्ये ती स्वतः नेटवर्कशी जोडणी करत नाही. त्यामुळे आधी माउंट हवेच. लिंक ही त्यावरची सोय. विंडोजमध्ये मात्र व्हिस्टापासून अशी लिंक थेट नेटवर्कवरच्या पत्त्याला जोडता येते.

फरक कुठे जाणवतो?

*जोडणी झाली नाही तर:* माउंट न झाल्यास मूळचे रिकामे फोल्डर तसेच उरते. बॅकअपचा प्रोग्राम त्यातच फाइल्स लिहू शकतो. मग स्थानिक डिस्क भरत जाते आणि सर्व्हरवर काहीच पोहोचत नाही. लिंक माउंटच्या आतल्या उपफोल्डरकडे नेणारी असेल, तर तो पत्ताच सापडत नाही आणि प्रोग्रामला त्रुटी मिळते. चूक लगेच कळते.

*पुसताना:* वरचे फोल्डर 'आरएम -आरएफ' या आदेशाने पुसले, तर आतली लिंक जाते, पण ती दाखवत असलेल्या फाइल्स सुरक्षित राहतात. आत माउंट असेल आणि लिहिण्याची परवानगी असेल, तर सर्व्हरवरच्या फाइल्सही पुसल्या जातात.

*प्रत काढताना:* 'आरसिंक -ए' हा आदेश लिंकची नक्कल करतो, त्यामागच्या फाइल्सची नाही. माउंटमधल्या फाइल्सची मात्र प्रत होते.

काय निवडावे?
एखाद्या प्रोग्रामला ठरावीक जागी एकच फोल्डर हवे असेल, तर तिथेच माउंट करावे. एकाच सर्व्हरवरचे अनेक उपफोल्डर वेगवेगळ्या जागी हवे असतील, तर एकदाच माउंट करून बाकी ठिकाणी लिंक द्याव्यात. सर्व्हर बदलला तरी 'एफएसटॅब' फाइलमधली एकच ओळ बदलावी लागते.

कोणताही पर्याय निवडला, तरी बॅकअपच्या आधी 'माउंटपॉइंट' या आदेशाने जोडणी झाली आहे का, हे तपासावे.