फाळके कॅमेरा कसा शिकले?

आज फोनचे बटण दाबले की चलच्चित्र घेता येते. १९१२ साली त्यासाठी यंत्राची जुळणी, फिल्मला भोके पाडणे, हँडलची गती सांभाळणे आणि अंधाऱ्या खोलीतली रसायने, एवढे सगळे यावे लागे. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांना हे कसे जमले, ते आपण पाहू. (मुंबईच्या सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्येच हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली होती, हेही विसरायला नको.)

फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी त्यांना आपला स्टुडिओ दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये परतले. सामान मागाहून आले. जोडणीसाठी हाती होता एक आराखडा. तेवढ्यावर चार-पाच दिवसांत त्यांनी यंत्र उभे केले. यात चमत्कार नाही, असे आम्हांला वाटते. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याचा फोटो स्टुडिओ, रंगीत छपाईचे ब्लॉक अशी वीस-पंचवीस वर्षांची शिदोरी पाठीशी होती. भिंग आणि प्रकाश त्यांच्या ओळखीचेच होते. नवी होती ती गती.

कॅमेऱ्यात फिल्म सलग सरकत नाही. एक आकडी भोकांत अडकते आणि फिल्म एका चित्राइतकी खाली ओढते. तेवढा वेळ झडप बंद. फिल्म थांबली की झडप उघडते. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे, म्हणून सेकंदाला दोन फेरे दिले की सोळा. हात मंदावला तर पडद्यावरची माणसे धावू लागतात! भोकेही अचूकच हवीत. एका चित्राला दर बाजूस चार, म्हणजे फूटभर फिल्मला दोन्ही बाजू मिळून १२८. हे काम अंधारात करायचे. ते सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि घरकाम सांभाळून करीत राहिल्या.

विलायतेच्या प्रवासासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली होती. पुढचे भांडवल हवे, तर काहीतरी करून दाखवणे भाग होते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर पक्का बसवला आणि महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतले. 'रोज एक चित्र' असे पुष्कळदा लिहिले जाते, पण हिशेब करून पाहा: तीस चित्रे पडद्यावर दोन सेकंदही टिकत नाहीत. मिनिटभराच्या पटाला ९६० चित्रे लागतात, म्हणजे महिनाभर रोज बत्तीस. मध्ये कुंडी बोटभर हलली, तर पडद्यावर रोप उडी मारणार. विद्यार्थ्यांकडून हे गणित आणि फोनने हाच प्रयोग, दोन्ही करून घेण्यासारखे आहेत.

बीज फुटून वेल चढताना पाहिल्यावर सावकाराचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याचा कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालवला. त्यांना तो शिकवला होता फाळक्यांनीच.