पाटी एक, माल भलताच

2005 मध्ये यूट्यूब सुरू झालं, तेव्हा त्याच्या यंत्रणेला व्हिडिओ 'दिसत' नव्हता. तिला वाचता यायचे ते फक्त शब्द : शीर्षक, वर्णन आणि टॅग. तेही व्हिडिओ टाकणाऱ्यानेच लिहिलेले. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर माल न उघडता दुकानदाराच्या पाटीवर विश्वास ठेवणारी ही व्यवस्था होती. मग व्हिडिओ कशाचाही असो, टॅगमध्ये त्या आठवड्यात गाजणारं नाव टाकायची रीत पडली.

2012 मध्ये यूट्यूबने टॅग प्रेक्षकांपासून लपवले आणि नुसत्या क्लिकपेक्षा व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला, याला जास्त वजन दिलं. फसवणूक थांबली नाही. ती टॅगमधून थंबनेलमध्ये गेली.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं, पण एकदम आलं. 29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला. त्याचं बरंच चित्रीकरण करमाळा तालुक्यातलं, म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या शेजारचंच. 'सैराट फुल मूव्ही' शोधलं की दोन-दोन तासांचे व्हिडिओ समोर यायचे. आत एकच पोस्टर आणि खाली भलतीच लिंक. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओ आलं. तोवर नेटपॅक संपला म्हणून शिव्या घालणारी पोरं आता फसली तरी हसून पुढचा व्हिडिओ लावू लागली. डेटा फुकट झाला, तसं फसणंही फुकट झालं.

पण ते फुकट नव्हतं. कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक छोटी फिल्म केली होती. त्यात मोटरसायकलवरचे दोघे मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात. तो शेवट कापून, 'मुलं पळवणारी टोळी' अशी ओळ जोडून ती व्हॉट्सअॅपवर भारतभर फिरली. अशाच अफवांच्या लाटेत 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागायला आलेले. त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. त्याने वेग कमी होतो, पाटी खरी होत नाही. कराचीच्या फिल्मचा शेवट कापला होता, पण उरलेलं एकही दृश्य बदललेलं नव्हतं. बदलली होती ती वरची ओळ, आणि ती कोणी लिहिली हे फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.